लहान रक्ताची भांडी

सोमवार, ६ जानेवारी

आज अस्मादिकांच्या नेत्रपटलाचे यथाविधी छायाचित्रण झाले. स्थळ उल्हासनगर. तेच रुग्णालय, जेथे गेली सोळा वर्षे मी एच.आय.व्ही.च्या गोळ्यांसाठी निष्ठेने जातो आणि जेथे मला नावाने कोणी हाक मारत नाही. त्या संस्थेच्या समस्त सेवांपैकी हीच काय ती उत्कृष्ट. तेथे मी टोकन असतो. आज अठ्ठेचाळीस होतो.

संशोधनाचे प्रयोजन डॉ. केळुसकरांनी सांगितले. वय अठ्ठावीस असावे, आत्मविश्वास साठीचा. "काका, गोळ्यांनी विषाणू दबलेला असतो, पण वर्षानुवर्षांत बारीक रक्तवाहिन्यांचं काय होतं ते नीट कळलेलं नाही. मेंदूतल्या, किडनीतल्या वाहिन्या उघडून बघता येत नाहीत. डोळ्याचा पडदा ही एकच जागा, जिथे त्या नुसत्या फोटोत दिसतात. इथल्या बघून तिथल्यांचा अंदाज." विधान सुबोध होते. रुग्णालयात असे प्रमाद क्वचित घडतात.

छायाचित्रकर्त्री रितिका, कॅम्प दोनची सिंधी कन्या. "अंकल, चिन इधर ठेवा. हरी लाइट दिसते ना? उसकोच बघत रहा. पलक नका झपकवू." मी अंकल नसल्याचे सांगितले. "ओके काका."

संमतिपत्र मात्र साहित्याचे लेणे आहे. पूर्ण उतरवून ठेवतो, कारण अशी रत्ने पुन्हा सापडत नाहीत : "सदर संशोधनात एच.आय.व्ही.मुळे लहान रक्ताच्या भांड्यांवर होणारा परिणाम तपासला जाईल. भांडी अरुंद अथवा खराब झाली असल्यास धोका संभवतो." इंग्रजीत वाहिनीला आणि भांड्याला एकच शब्द आहे, आणि भाषांतरकार (मनुष्य असो वा यंत्र) स्वयंपाकघराच्या बाजूला वळला. खाली दोन सह्या, एक शिक्का. कोणीही वाचलेले नाही. देवनागरी ही या देशात शोभेची लिपी आहे.

मी दुरुस्ती सुचवली नाही. मोती पुन्हा शिंपल्यात ढकलायचा नसतो.

बाकावर शेजारी नामदेव. चिखलोलीचा आगरी, साठीच्या पुढचा, तीन वर्षांपासून याच रांगेत. मला भटजी समजतो. माझ्या भाषेमुळे असावे. मी गैरसमज दूर केलेला नाही, कारण शिक्षकापेक्षा भटजी तेथे अधिक सुरक्षित. त्याला अक्षरओळख नाही. कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, "भटजी, काय लिवलाय त्यान?"

मी अत्यंत गंभीर मुद्रेने म्हणालो, "लहान भांडी तपासणार आहेत."

"भांडी?"

"छापील आहे."

तो विचारात पडला आणि अंगठा उठवून आला. मला खोकल्याचा बहाणा करून तोंड रुमालात लपवावे लागले.

थेंबांमुळे बाहुल्या विस्फारल्या आहेत. अक्षर हत्तीएवढे काढतो आहे, तरी ओळ दिसत नाही. इति.

मंगळवार, ७ जाने.

भांड्यांची कथा सौ.ला सांगितली. हसली नाही.

"चूक होती तर सांगायचं ना त्यांना."

"ती चूक नव्हे, अलंकार आहे."

"आणि तो म्हातारा? त्याला तरी नीट सांगायचं."

या घरात विनोदाला वारस नाही.

शनिवार, ११ जाने.

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी सौ.ने कॅम्प दोनच्या बाजारातून स्टीलच्या वाट्या घेतल्या. दोन डझन, खळगा एवढा की त्यात एक बोट बुडावे. दुकानदार म्हणाला, "भाभी, वाण के लिए यही चलता है, सब यही ले जाते." मी पिशवी उचलून विचारले, "रक्ताची नाहीत ना?" अंबरनाथ जाईपर्यंत सौ. माझ्याशी बोलली नाही. बदलापूर आल्यावर एवढेच म्हणाली की पिशवी नीट धरा.

सोमवार, १३ जाने.

छायाचित्राचा निकाल ऐकायला गेलो. डॉक्टरांनी संगणकावर माझा डोळा दाखवला. नारिंगी भूमी, मध्ये फिकट पूर्णचंद्र, आणि त्या चंद्रातून चहूकडे निघालेल्या तांबड्या नद्या. मान्य करणे भाग आहे, देखणे होते. बावन्न वर्षांत माझ्याविषयी प्रथमच असे काही म्हणता येते.

सौंदर्याचा आस्वाद डॉक्टरांनी फार वेळ घेऊ दिला नाही. जाड वाहिन्या शिरा, बारीक त्या धमन्या. माझ्या धमन्या असाव्यात त्याहून अधिक बारीक. "यावरून तुम्हाला अमुक होणार, असं मी म्हणू शकत नाही, त्यासाठीच तर संशोधन आहे. पण बीपी मोजू या." मोजला. डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग परत यंत्राकडे. एक नवी गोळी. दर सोमवारी येऊन रक्तदाब दाखवणे.

म्हणजे विषाणूने सोळा वर्षे जे साधले नाही ते मिठाने आणि मुख्याध्यापकांनी साधले.

बुधवार, १५ जाने.

शाळा. दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका. एका विद्वानाने 'भानुः'चा अर्थ 'भानगड' दिला आहे. अर्धा गुण देण्याचा मोह झाला.

सोमवार, २० जाने.

आज जे ऐकले ते लिहिताना लेखणी जड झाली आहे, हे वाक्य मी निबंधात कापतो. तरीही.

नामदेव आला होता. पहिला फोटो हलल्यामुळे त्याला परत बोलावले होते. चेहरा उतरलेला. रितिकाने "बाबा, आज हिलू नका" म्हटले, तर नुसती मान हलवली. फोटो काढून आला आणि बाकावर बसला.

"काय नामदेव, प्रकृती?"

"प्रकृती हाये. घर नाय ऱ्हायला."

मग तुकड्या-तुकड्यांनी आले ते असे. त्याला हा आजार झाल्याचे घरी कळल्यावर आरंभी ताट-पेला वेगळा काढलेला. पुढे येथल्या समुपदेशक मंगलताईंनी सुनेला दोन-तीनदा बोलावून समजावले, आणि गेली दोन वर्षे सगळे एका पंक्तीला. त्याची तीन वर्षांची नात ओवी सांजेला त्याच्या मांडीवर बसून त्याच्याच हातचा वरणभात खाते. दुसऱ्या कोणाच्या हातचा खात नाही. हाच त्याच्या दिवसाचा मुख्य कार्यक्रम.

"आता पोरीना हात लावाला देत नाय. तिची वाटी, चमचा, दुधाचा पेला, सगला वर माल्यावर ठेवलाय. माजा पन पेला न् वाटी ग्यालरीन."

"सूनबाई पुन्हा बिथरली?"

"आयका ना भटजी. पातेल्याला हात लावला त काय बोलत नाय. हंडा मीच भरतंय. कुकर मीच उतरतंय. वाटीला हात लावला का वरडते. हा कनचा न्याय? मोठा भांडा चालतंय न् लहान नाय?"

मोठे चालते. लहान नाही.

मी त्याला संमतिपत्राची प्रत मागितली. शर्टाच्या खिशातून चौघडी काढली. निळ्या शाईने 'लहान', 'भांड्यांवर', 'खराब' आणि 'धोका' यांखाली रेघा होत्या. पट्टीने मारलेल्या. समासात बाण.

"सूनबाई वाचते वाटतं नीट."

"शिकलेली हाये. अंबरनाथच्या शालेन व्हती. संस्कृतान पयला नंबर. प्राजक्ता."

अंबरनाथात संस्कृत शिकवणारी आमचीच शाळा आणि शिकवणारा मी. प्राजक्ता पाटील, पहिला बाक, दोन वेण्या, प्रश्न फार. शब्दाखाली पट्टीने रेघ मारायला मीच शिकवले. एकही शब्द सुटता कामा नये, असे वर्गात गर्जत असे.

नामदेवाला सांगितले, कागद चुकीचा आहे, भांडी म्हणजे भांडी नव्हेत. तो म्हणाला, "पन तुमीच बोल्लाव ना." रागाने नाही. नुसते आठवून.

बीपी आज दाखवला नाही. अर्थ नव्हता.

मंगळवार, २१ जाने.

अर्धी रजा टाकून डॉ. केळुसकरांना गाठले. कागद पुढे ठेवला. त्यांनी तो (प्रथमच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही) वाचला आणि कानशिले लाल झाली.

"अरेरे. हे 'रक्तवाहिन्या' हवं ना?"

"आपली व्युत्पत्ती अचूक आहे."

"बदलतो. पण काका, संमतिपत्रातला एक शब्द जरी बदलायचा तर नैतिकता समितीकडे जावं लागतं. त्यांची पुढची बैठक झाली की."

नैतिकता समिती! भांडी मंजूर करताना ती कोठे जेवत होती?

मंगलताईंना भेटलो. साधी, थकलेली बाई, दिवसाला पन्नास माणसांना धीर देते. हिच्यासंबंधी तुच्छतेने काही लिहिता येत नाही याची खंत. नामदेवाचे नाव मी घेतले नाही, तोच काल त्यांना सगळे सांगून गेला होता. त्यांनी सुनेला फोन लावला. उत्तर : "ताई, तुम्ही तोंडी सांगता. तुमच्याच दवाखान्याने छापून दिलंय, सही-शिक्क्यासकट. मी कोणाचं खरं मानू?" घरी येते म्हणाल्या, तर, "नको, बिल्डिंगमध्ये लोक विचारतात."

तर्कशास्त्रदृष्ट्या पोर निर्दोष आहे. मी असतो तर पूर्ण गुण दिले असते.

रविवार, २६ जाने.

ध्वजवंदन. मुख्याध्यापकांचे भाषण पाऊण तास. विषय : निर्भयता. एक विद्यार्थी चक्कर येऊन पडला. बहुधा विषयामुळे.

सोमवार, २७ जाने.

नामदेवाचा गोळ्यांचा दिवस. आला नाही. मंगलताई सांगू शकत नाहीत, मी विचारू शकत नाही. रांगेतून बाहेर येऊन फोन केला.

"नव दिस झालं. बंद केल्या."

"का?"

"कनासाठी खाऊ?"

मी विषाणू उलटण्याविषयी, प्रतिकारशक्तीविषयी संस्कृतप्रचुर व्याख्यान दिले. ऐकून घेतले. म्हणाला, "भटजी, तुमचा आवाज बरा लागतो. बोलत बसा."

माझा बीपी वर. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. करतो म्हटले.

मंगळवार, २८ जाने.

सौ.शी वाद. वाद कसला, अभियोग.

"तुम्ही जा त्यांच्याकडे."

"जाऊन काय सांगू? संस्कृतचे सर, नामदेवाला ओळखतात. कोठून ओळखतात?"

"जिथून ओळखता तिथून."

कारणे क्रमाने मांडली. पोरगी माझी विद्यार्थिनी. नवरा अंबरनाथच्या कारखान्यात, त्याचा चुलतभाऊ आमच्या शाळेच्या कार्यकारिणीवर. सोळा वर्षांपूर्वीच्या माझ्या त्या मूर्खपणाचे (सौ.ला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तिसऱ्याला नाही) संरक्षण मी पहाऱ्यासारखे केले आहे. निवृत्तीला सहा वर्षे. मुले, पालक, खडूची पेटी, सगळे एका वाक्यात जाईल.

तिने सगळे ऐकले. वाट्या पुसत होती.

"तो माणूस गोळ्या सोडून बसलाय तुमच्या विनोदापायी."

"छापील चुकीपायी."

"छापील चूक त्याला वाचता येत नाही. त्याला तुम्ही वाचून दाखवली."

सोळा वर्षांत ती मला एकदाही टाकून बोललेली नाही. तेव्हाही नाही. आजचे हे त्यातही धरता येणार नाही, कारण आवाज चढला नव्हता. तरी जेवण गेले नाही.

गुरुवार, ३० जाने.

नामदेवाला दोनदा फोन. उचलला नाही.

मसुदे तीन केले. १) निनावी पत्र : भ्याडपणा सुवाच्य अक्षरात. २) "माझे एक परिचित…" : परिचित कोण, हे ती पहिल्याच प्रश्नात विचारणार. ३) शुद्धिपत्रक, कोणाच्याही नावाने नाही. हे त्यातल्या त्यात बरे, कारण यात मी कोठेच नाही.

सौ. म्हणते, रविवारी जाऊ. हळदीकुंकवाचे दिवस आहेत, तिळगूळ घेऊन कोणीही कोणाकडे जाते. "मी बरोबर येते."

रविवार, २ फेब्रुवारी

गेलो.

बदलापुराहून रिक्षाने चिखलोली. नवे टॉवर. नामदेवाने एकदा रांगेत सांगितले होते की जिथे त्याचा वाल व्हायचा तिथे आता बिल्डिंगीचे पार्किंग आहे, आणि चौथ्या मजल्यावरून तो रोज स्वतःचे शेत वरून बघतो. मी तेव्हा यावर कोटी केली होती. सुदैवाने विसरलो.

दार प्राजक्ताने उघडले. वेण्या गेल्या, प्रश्नार्थक भुवया त्याच.

"सर? अय्या, सर तुम्ही? या ना. काकू, या."

सौ.ने पुढे होऊन तिळगूळ दिला. मी 'येथे एका परिचितांकडे आलो होतो' हे पाठ केलेले वाक्य उच्चारणार, तोच ग्यालरीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून आवाज आला.

"भटजी? तुमी इथ कसं?"

"बाबा, हे आमचे सर. शाळेतले. संस्कृतचे."

"सर कनचे? ह्ये भटजी हायेत. दवाखान्यातले. माजे रांगेतले."

तीन मसुदे, चार रात्रींची व्यूहरचना. सहा शब्दांत संपले.

प्राजक्ताने माझ्याकडे पाहिले, सौ.कडे पाहिले, मग तिळगुळाकडे. सौ. खाली मान घालून बसली नव्हती, एवढे नमूद करतो.

"म्हणजे ते भटजी तुम्ही," प्राजक्ता शेवटी म्हणाली.

"होय."

"बाबा त्या दिवशी येऊन बोलले, भांडी तपासणार आहेत. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. तर म्हणाले, एक शिकलेले भटजी होते, त्यांनी वाचून सांगितलं. मग मी स्वतः कागद वाचला, तर तेच छापलेलं. दोन्हीकडे तेच आलं म्हटल्यावर…" थांबली. "सर, तुम्हाला माहीत होतं ते चुकीचं आहे?"

"त्याच क्षणी."

"मग?"

"मी विनोद केला होता."

"कोणासाठी? बाबांना कळला नाही. मी तिथे नव्हते."

माझ्या वर्गात तिने विचारलेल्या प्रश्नांना मी 'पुढच्या तासाला पाहू' म्हणत असे.

मग नीट सांगितले. प्रथमच, अलंकाराविना. शरीरात रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, त्यांतल्या अगदी बारीक डोळ्याच्या पडद्यावर दिसतात, त्यांचा फोटो. वाटीचा, पेल्याचा, चमच्याचा काही संबंध नाही. हा आजार ताटातून जात नाही, पाण्यातून नाही, हाताने भरवल्याने नाही. ती कागद घेऊन आली. तिच्या निळ्या रेघा. 'भांड्यांवर' खोडून वर 'वाहिन्यांवर' लिहिले. तिने ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, जसे मी शिकवले.

"मंगलताई हेच सांगायच्या. मला पटलं पण होतं, सर. दोन वर्षं एकत्र जेवतोय आम्ही. मग हे छापून आलं आणि मला वाटलं, आतापर्यंत लपवलं की काय आमच्यापासून. पोर लहान आहे हो."

"छापलेलं चुकतं."

"शाळेत असं नाही सांगितलंत तुम्ही."

नामदेव ग्यालरीच्या दारात येऊन उभा होता. आत पाऊल टाकत नव्हता. सौ. म्हणाली, "दादा, बसा ना आत." तो सुनेकडे बघत राहिला.

"मला पटलं," प्राजक्ता म्हणाली, "पण आमच्या ह्यांना माझ्या तोंडचं नाही पटणार. भांडी वेगळी करा, हे मीच त्यांना पटवून दिलंय, कागद दाखवून. आता कागदच लागेल. लिहून द्या. सही करून."

वहीचा कागद आला. मी दहा ओळी लिहिल्या. निर्दोष मराठी, विरामचिन्हांसकट. तिने वाचल्या.

"'दीर्घकाळ औषधोपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबांत सामायिक भांड्यांच्या वापराने संसर्ग झाल्याचे आढळून आलेले नाही.' कोणाला आढळलेलं नाही, सर?"

"कर्मणी प्रयोग आहे."

"ते कळलं. कर्ता कुठाय?"

मी पेनाचे टोपण लावले.

"कर्मणीत कर्ता तृतीयेत जातो. नाहीसा नाही होत. ह्यांना हे दाखवलं तर म्हणतील, हेही कोणीतरी छापलेलंच आहे."

सौ. तिळगुळाच्या डब्याचे झाकण लावत होती. बराच वेळ लावत होती.

दुसरा कागद मागितला. लिहिले : मी सोळा वर्षे हा आजार बाळगून आहे. मी रोज गोळ्या घेतो. माझ्या घरी सर्वांची भांडी एक आहेत. माझ्या पत्नीला आजार नाही. संमतिपत्रातली चूक मला दिसली होती, ती मी सांगितली नाही. नामदेवरावांना चुकीचे मी सांगितले. नातीला त्यांच्या हातून भरवायला हरकत नाही. सही. त्याखाली पूर्ण नाव. त्याखाली, हात थांबेपर्यंत लिहून झालेच होते, 'संस्कृत शिक्षक'.

भाषा अगदी सामान्य. चौथीचा मुलगा याहून बरे लिहील.

प्राजक्ताने घडी घातली. "हे दुसऱ्या पाळीला गेलेत. आले की देते."

"आन तवर?" नामदेवाने विचारले.

आत ओवी झोपेतून उठून कुरकुरत होती, प्राजक्ता तिकडे गेली. दोघांचेही पाय आत वळले होते, नामदेवाचे थांबले.

निघताना नामदेव लिफ्टपर्यंत आला. म्हणाला, "तुमी सर हाव ते बोल्ला का नाय?" मग स्वतःच, "नाय, बरोबर हाये." गोळ्यांचे विचारले. म्हणाला, "बगू."

चहाचे विचारायचे राहिले की टाळले, हे ठरवता आलेले नाही. सौ. म्हणते, राहिले.

सोमवार, ३ फेब्रु.

सकाळी उल्हासनगर. बीपी किंचित खाली. डॉक्टरांना आनंद. कारण विचारू नका म्हटले.

नंतर शाळा. मुख्याध्यापक पायऱ्यांवर भेटले, "सर, जरा बोलायचं होतं" म्हणाले. तीन तास शिकवले काय ते आठवत नाही. मधल्या सुट्टीत गेलो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात ऋषीची भूमिका कराल का, हे विचारायचे होते. दाढी शाळेची.

लिपिकाने माझ्याकडे पाहून मान वळवली. तो गेली अकरा वर्षे वळवतो. आज प्रथमच मोजली.

कागद एव्हाना वाचला गेला असणार. चुलतभावालाही दाखवला असेल. किंवा कपाटावर आहे. किंवा नवऱ्याने फाडला, आणि मी सुरक्षित आहे आणि नामदेव ग्यालरीत आहे. या तिन्हींतले मला कोणते हवे, हा प्रश्न सौ.ने विचारला नाही. मी स्वतःला विचारला आणि उत्तर यायला लाज वाटावी इतका वेळ लागला.

मंगळवार, ४ फेब्रु. रथसप्तमी

सौ.चे हळदीकुंकू. घरात सव्वीस स्त्रिया, मी स्वयंपाकघरात निर्वासित. वाट्या संपल्या. दोन कमी पडल्या, कोणाला तरी कंगवे दिले.

संध्याकाळी शाळेच्या पिशवीतून भ्रमणध्वनी काढला तर दोन हुकलेले फोन, नामदेवाच्या क्रमांकावरून. पहिला बारा वाजताचा. दुसरा आत्ता, दहा मिनिटांपूर्वीचा, म्हणजे ओवीच्या जेवणाची वेळ. नामदेवाचा फोन घरात कोणीही वापरते. त्याला लावायचे असले तरी लावून द्यायला सून लागते, आणि मुलाने लावला असेल तर…

हे लिहीत असतानाच पुन्हा वाजू लागला आहे. मी वही बंद केलेली नाही. सौ. कुंकवाचा करंडा आवरता आवरता दारात येऊन उभी आहे.

"आधी तो उचला," ती म्हणते आहे, "मग लिहा काय ते."